रजिस्टरमध्ये 'नको म्हणाले' लिहिण्याआधी हा कोर्स करा: बेघर प्रौढांच्या सेफगार्डिंगच्या ट्रेनिंगचा रिव्ह्यू

मी गेली चार वर्षं आठवड्यातून दोन रात्री एका नाइट शेल्टरवर व्हॉलंटियर म्हणून जाते. मागच्या महिन्यात बेघर प्रौढांच्या सेफगार्डिंगचा (म्हणजे छळ, हेळसांड यांपासून त्यांना कसं जपायचं याचा) एक ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, त्याबद्दल लिहायचं मनात होतंच, आज वेळ मिळाला. संस्थेचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या मी त्यांना आधी थेट कळवल्यात. पण असे कोर्स आता बऱ्याच ठिकाणी निघालेत, साधारण साचा सारखाच असतो, त्यामुळे कुठलाही घेणार असाल तरी काय बघून घ्यायचं याला उपयोग होईल. लांबलचक झालंय, आधीच सांगते.

कोर्स सहा संध्याकाळचा, रोज दोन तास, लाइव्ह, वर थोडे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि एक छोटी परीक्षा. आम्ही वीसेक जण होतो, शेल्टरवाले, नर्स, दोन-तीन हॉस्टेलचे मॅनेजर, एक ग्रंथालयात काम करणारे (त्यांच्याकडे दिवसभर बसायला येणारे खूप असतात म्हणे, आणि विचार केला तर खरंच आहे, उबेला आणि बसायला दुसरी फुकट जागा कुठेय).

मी का केला ते सांगते आधी, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

आमच्याकडे एक काका यायचे. वय पन्नाशीचं, दिसायचे सत्तरचे. दाराजवळचाच पलंग पाहिजे, बूट काढायचे नाहीत, एक पिशवी उशाला. हळूहळू वास यायला लागला, डाव्या पायाची पँट पोटरीला चिकटलेली दिसायची. आम्ही विचारायचो, काका डॉक्टरला दाखवूया का, ते हाताने नको म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मग आम्ही रजिस्टरमध्ये लिहायचो. 'डॉक्टरबद्दल विचारलं, नको म्हणाले.' एका पहाटे ते उठलेच नाहीत, अंगात ताप, बोलणं असंबद्ध, अँब्युलन्स बोलवली. जीव वाचला पण पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या दिवशी मी घरी न जाता रजिस्टर मागे चाळत बसले. एका महिन्यात अकरा वेळा 'नको म्हणाले'. त्यातलं तीनदा माझं अक्षर.

आम्ही कुणी निर्दयी नव्हतो हो. उलट आम्हाला वाटत होतं आम्ही त्यांच्या मर्जीचा मान राखतोय, मोठा माणूस आहे, नाही म्हणतोय, जबरदस्ती कशी करायची. कोर्समध्ये दुसऱ्याच दिवशी ट्रेनर मॅडमनी पहिलं वाक्य टाकलं ते हेच होतं, की 'नको' हे उत्तर मिळालं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. आणि नुसतं वाक्य टाकून पुढे गेल्या नाहीत, अख्खे दोन तास त्याच्यावर घालवले, म्हणून मला हा कोर्स आवडला.

त्यांनी जोड्या पाडून सराव करून घेतला. एकाने नको म्हणायचं, दुसऱ्याने फक्त हे शोधायचं की नको नेमकं कशाला आहे. डॉक्टरला नको? की दवाखान्यात तासन् तास बसायला नको? की रात्र तिकडे गेली तर इथला पलंग जाईल म्हणून नको? दारूची सवय आहे आणि वॉर्डात ती मिळणार नाही, अंग थरथरायला लागेल, ती भीती? की मागच्या वेळी तिथे कुणी सगळ्यांसमोर ओरडलं होतं? सोबत कुत्रं आहे, ते कोण सांभाळणार? आम्ही काकांना यातलं एकही विचारलं नव्हतं. सेशन झाल्यावर दोन दिवसांनी मी हॉस्पिटलात त्यांना भेटायला गेले आणि विचारलं, काका तेव्हा का नको म्हणायचात. त्यांनी सरळ सांगितलं, बूट काढावे लागले असते. आधी दोनदा बूट चोरीला गेले होते, एकदा थंडीत अनवाणी आठ दिवस काढलेले. म्हणजे त्यांचं नको डॉक्टरला नव्हतंच, बुटांसाठी होतं, आणि आमच्याकडे ऑफिसात कुलूपवालं कपाट रिकामं पडलेलं.

बरं, कायद्याचा भाग. कोर्स इंग्लंडच्या कायद्यावर बेतलेला आहे, तिथला केअर अॅक्ट २०१४, जो एप्रिल २०१५ पासून लागू झाला. पहिलं सेशन त्यातच गेलं आणि तुम्ही त्या देशात काम करत नसाल तर कलमांची पाठांतरं करायची काहीच गरज नाही, पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. कलम ४२ मध्ये तीन गोष्टी बघतात: माणसाला देखभालीची गरज आहे का, त्याचा छळ किंवा हेळसांड होतेय का किंवा तसा धोका आहे का, आणि त्या गरजेमुळेच तो स्वतःला वाचवू शकत नाहीये का. तिन्ही असतील तर चौकशी करणं स्थानिक प्रशासनाला भाग आहे, माणसाची संमती असो नसो. आणि कलम ११ मला फार महत्त्वाचं वाटलं. एरवी कुणी गरजांची तपासणी नाकारली तर प्रशासन थांबू शकतं, पण तो माणूस छळाच्या किंवा हेळसांडीच्या धोक्यात असेल तर 'त्यांनी नकार दिला' म्हणून थांबता येत नाही. म्हणजे आमच्या रजिस्टरमध्ये अकरा वेळा जे लिहिलं होतं ते कारण म्हणून चालणारच नाही असं तिथे कायद्यातच लिहून ठेवलंय. आणि हेळसांडीत स्वतः स्वतःची केलेली आबाळ पण धरतात, हे मला माहीतच नव्हतं. मी समजत होते की सेफगार्डिंग म्हणजे कुणीतरी दुसरा त्रास देतोय तेव्हाच.

तिथे एखादा असा माणूस दगावला किंवा गंभीर इजा झाली आणि यंत्रणांचं एकत्र काम कमी पडलं असं दिसलं की त्याचा सविस्तर आढावा घेतात. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ मधल्या अशा २३१ आढाव्यांचा एकत्र अभ्यास झालाय आणि त्यात सगळ्यात जास्त आढळलेला प्रकार स्वतःची आबाळ हाच होता, ४५ टक्के. मॅडमनी काही आढाव्यांमधले प्रसंग नावं काढून वाचायला दिले होते. वाचून मला झोप लागली नाही. सगळीकडे तीच गोष्ट, दवाखान्याला एक माहीत, पोलिसांना दुसरं, हॉस्टेलला तिसरं, आणि सगळ्यांच्या कागदावर एकच शेरा की त्यांनी मदत नाकारली, ही त्यांची जगण्याची पद्धत आहे. जगण्याची पद्धत! पायात अळ्या पडलेल्या असताना कुणी ती पद्धत निवडतं का.

तिसरं सेशन सगळ्यात कठीण आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं, निर्णयक्षमतेवरचं. इथेही आधार तिथल्याच मेंटल कपॅसिटी अॅक्ट २००५ चा, पण मुद्दे कुठेही लागू पडतील असे. पहिलं म्हणजे समोरच्याला समजतंय असंच धरून चालायचं, तसं नाही हे दाखवून द्यावं लागतं. चुकीचा वाटणारा निर्णय घेतला म्हणजे त्याला कळत नाही असं नाही, चुका करायचा हक्क सगळ्यांना आहे. आणि क्षमता ही त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती बघायची, सकाळी एक असेल, रात्री एक. इथपर्यंत सोपं आहे. पुढे त्यांनी विचारलं की सांगता येणं आणि करता येणं हे एकच आहे का?

माझ्या डोळ्यासमोर लगेच एक ताई आल्या आमच्याकडच्या. बोलायला इतक्या नीट, कुठली गोळी कधी घ्यायची, उद्या कुठल्या खिडकीवर जाऊन चिठ्ठी दाखवायची, सगळं घडाघडा सांगतात, ऐकणाऱ्याला वाटतं ह्यांना आपण काय शिकवायचं. आणि दुसऱ्या दिवशी रात्री चिठ्ठी तशीच पिशवीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी पण. आम्ही म्हणायचो आळशीपणा आहे किंवा त्यांना बरं व्हायचंच नाहीये. ट्रेनर म्हणाल्या, मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला असेल किंवा वर्षानुवर्षांच्या दारूने नुकसान झालं असेल तर असंच होतं, माणूस बोलतो बरोबर पण ठरवलेलं पार पाडू शकत नाही, त्यामुळे फक्त विचारू नका, करून दाखवायला सांगा, सोबत चालत जा आणि बघा कुठे अडतंय. लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये २०१९ साली एक आढावा आलाय, त्यानुसार बेघर लोकांपैकी साधारण ५३ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी मेंदूला मार लागलेला असतो. निम्म्याहून जास्त! मी पुढच्याच ड्यूटीला ताईंबरोबर गेले. त्या खिडकीपर्यंत व्यवस्थित आल्या, रांग बघितली आणि मागे वळून चालायला लागल्या, का वळलात विचारलं तर सांगता येईना. आता आमच्यातलं कुणीतरी सोबत जातं, एवढाच फरक केलाय, गोळ्या सुरू आहेत.

अजून एक गोष्ट याच सेशनमधली, ही सगळ्या शेल्टरवाल्यांनी भिंतीवर लावावी. झोकांड्या जाणारा, बरळणारा माणूस प्यायलेलाच असेल असं धरू नका. साखर खूप खाली गेली तरी असंच दिसतं, डोक्याला मार लागून आत रक्तस्राव होत असेल तरी असंच दिसतं. आणि दारू पिणाऱ्यांमध्ये बी-वन म्हणजे थायमिन फार कमी झालं की गोंधळ, तोल जाणं आणि डोळ्यांच्या हालचाली बिघडणं हे होऊ शकतं, त्याला वेर्निकेचा आजार म्हणतात, लगेच उपचार मिळाले तर सुधारतो, नाहीतर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. अशी माणसं मग गेलेल्या आठवणींच्या जागी काहीतरी वेगळंच सांगतात, खोटं बोलायचं म्हणून नाही, त्यांना ते खरंच वाटत असतं. आम्ही किती जणांना 'थापाड्या' म्हटलं असेल.

(या सेशनमध्ये वर्गात जोरात वाद झाला. एक नर्स म्हणाली, ह्याचा आधार घेऊन उद्या कुणीही कुणालाही उचलून नेईल, नकोचं काही मोलच राहणार नाही. मला ते पटलं पण. मॅडमनी विषय दाबला नाही, वीस मिनिटं बोलू दिलं, आणि उत्तर एवढंच दिलं की चिकाटी आणि जबरदस्ती या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जबरदस्तीची वेळ बहुतेकदा तेव्हाच येते जेव्हा आधी चिकाटी कमी पडलेली असते. माझं पूर्ण समाधान झालं नाही. पण वाद होऊ दिला हे चांगलं केलं.)

चौथं सेशन घेतलं ते स्वतः सात वर्षं रस्त्यावर राहिलेल्या एका दादांनी. कोर्स निवडताना हे नक्की बघा, असा माणूस शिकवणाऱ्यांमध्ये आहे का, आणि तो फक्त आपली कहाणी सांगून रडवायला आणलाय की खरंच शिकवतोय. हे दादा शिकवत होते. ते म्हणाले, जो उभा राहून, फाइल हातात घेऊन विचारायचा त्याला मी प्रश्न ऐकायच्या आधीच नाही म्हणायचो. खाली बसा, आणि समोर नाही, बाजूला. आणि रोज नवा चेहरा पाठवू नका, प्रत्येक नव्या माणसाला बापाच्या मारापासून सगळं परत सांगायचं, त्यापेक्षा नाही म्हणणं सोपं पडतं. आमच्याकडे रोटाच (ड्यूट्यांचं वेळापत्रक) असा लागतो की एकाला सात दिवसांत सहा वेगळे चेहरे भेटतात. तो आता बदलायला घेतलाय, सोपं नाहीये, व्हॉलंटियर लोकांच्या सोयीने चालतं सगळं, पण निदान ज्यांची काळजी वाटते अशा चार-पाच जणांना एक ठरलेला माणूस दिलाय.

पाचवं सेशन फसवणुकीवर. चांगलं होतं, थोडं घाईत झालं. माणूस सोबत घेऊन येणारा 'पुतण्या', जो फक्त पैसे जमा होतात त्याच दिवशी उगवतो आणि एटीएम कार्ड स्वतःच्या खिशात ठेवतो, तो आम्ही सगळ्यांनीच पाहिलेला होता. काम देतो म्हणून माणसांना नेऊन कोंडून ठेवणारे, त्यांची कागदपत्रं काढून घेणारे. आणि एक गोष्ट नवी कळली, की घर मिळालं म्हणजे धोका संपला असं नाही. बऱ्याच वर्षांनी एकट्याला खोली मिळते, ओळखीचे दोघं 'आजची रात्र' म्हणून येतात, आठवड्याने त्यांचाच धंदा तिथून चालू, आणि खोलीचा मालक स्वतःच्याच घरात कोपऱ्यात किंवा परत बाहेर. इंग्रजीत याला कोकिळेवरूनच शब्द आहे, आपल्याकडे कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडी घालते हे लहान पोरालाही माहीत असतं त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही.

याच्याच ओघात 'आधी घर' ही पद्धत सांगितली, १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस यांनी सुरू केलेली. आधी दारू सोड, औषधं घे, मग घर, असं न करता आधी घर द्यायचं, अटी न घालता, आणि मदत मात्र चालू ठेवायची. लोक पहिलं अर्धंच ऐकतात, घर देतात आणि मदत बंद करतात, मग कोकिळा येते. फिनलंडने ही पद्धत २००८ पासून देशभर धोरण म्हणून राबवली आणि तिथे दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या खरंच खाली आली. यावर एक पूर्ण सेशन हवं होतं.

आता तक्रारी.

बायकांबद्दल अख्ख्या कोर्समध्ये अर्धा तास. हे मला अजिबात पटलं नाही. बायका दिसतच नाहीत कारण दिसणं धोक्याचं असतं, रात्रभर बसमधून फिरतात, हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये पेशंटचे नातेवाईक असल्यासारख्या बसतात, किंवा मारणाऱ्याच माणसाकडे राहतात कारण बाहेर चार जण मारतील. मोजणी रस्त्यावरच्या डोक्यांची होते, त्यात त्या येतच नाहीत. इंग्लंड आणि वेल्सचे २०२१ चे आकडे कोर्समध्येच दाखवले होते, बेघर अवस्थेत अंदाजे ७४१ मृत्यू, आणि मृत्यूचं सरासरी वय पुरुषांचं ४५.४, बायकांचं ४३.२. बायका त्याहून लवकर जातायत असं तुमचीच स्लाइड सांगतेय आणि त्यांच्यावर अर्धा तास?

दुसरी तक्रार मोठी आहे. रेफरल, म्हणजे या माणसाकडे लक्ष द्या असं संबंधित खात्याला लेखी कळवणं, कसा लिहायचा हे फार छान शिकवलं, 'काळजी वाटते' असं मोघम न लिहिता काय दिसलं, कधी दिसलं, माणूस स्वतःच्या शब्दांत काय म्हणाला, त्याला स्वतःला काय हवंय, हे सगळं. पण रेफरल पाठवल्यावर उत्तरच आलं नाही तर? किंवा 'आमच्या निकषात बसत नाही' असं एका ओळीत आलं तर? ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीय की निम्मी दमछाक तिथेच होते, मानसिक आरोग्यवाले म्हणतात आधी दारू सोडवा, व्यसनमुक्तीवाले म्हणतात आधी मानसिक उपचार घ्या, टोलवाटोलवी, आणि माणूस मधल्यामध्ये वाऱ्यावर. यावर एक स्लाइड होती, 'वरिष्ठांकडे न्या'. मी प्रश्न विचारला तर वेळ संपली होती. नंतर मेलवर मॅडमनी उत्तर दिलं ते मात्र कामाचं होतं: नकार लेखी मागा, कारणासकट, आणि ज्या ज्या खात्याचा संबंध आहे त्या सगळ्यांना एकाच मीटिंगला बोलवा, कुणी बोलवत नसेल तर तुम्ही बोलवा, व्हॉलंटियर असलात तरी. हे मेलमध्ये का, कोर्समध्ये का नाही?

तिसरं, 'व्हल्नरेबल' या शब्दावर पंधरा मिनिटं घालवली, की तो आता तिथे वापरत नाहीत, 'धोक्यात असलेला प्रौढ' म्हणतात, कारण दुबळेपणा माणसात नसतो, परिस्थितीत असतो. मुद्दा मला पटला. पण मग आमच्यासारख्यांना आपल्या भाषेत काय म्हणायचं ते कुणी सांगणार, असहाय म्हटलं तरी तेच, दुर्बल म्हटलं तरी तेच. मी 'जपायला हवेत अशी माणसं' असं लिहायला लागलेय सध्या, चांगला शब्द असेल तर सुचवा. आणि व्हिडिओंना सबटायटल नाहीत, बोलणं भरभर, आमच्याबरोबरच्या एका मावशींनी, ज्या शेल्टरवर वीस वर्षं आहेत आणि माझ्यापेक्षा शंभरपट जास्त जाणतात, भाषेमुळे तिसऱ्या दिवशी कोर्स सोडला. अशा माणसांपर्यंत हे पोचत नसेल तर फार मोठं नुकसान आहे.

परीक्षा सोपी आहे, घाबरू नका. सर्टिफिकेट दोन दिवसांत येतं. व्हिडिओ तीन महिने बघता येतात, मी तिसरं सेशन परत दोनदा बघितलं.

कुणी करावा? शेल्टर, हॉस्टेल, दवाखान्याची कॅज्युअल्टी, ग्रंथालय, प्रार्थनास्थळं, जिथे जिथे लोक रात्री-अपरात्री येऊन टेकतात तिथल्या निदान एका माणसाने तरी. एकटीने करू नका शक्यतो, दोघं-तिघं मिळून करा, नाहीतर परत जाऊन एकटी सांगत बसाल आणि कुणी मनावर घेणार नाही. आमच्याकडे रजिस्टरमध्ये आता तीन रकाने वाढवलेत: नेमकं कशाला नको, का नको, आणि परत कोण आणि कधी विचारणार. तिसरा रकाना रिकामा ठेवून पान उलटायचं नाही असं ठरवलंय. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, आता होत नाही.

५ पैकी ३.५ देते. सेशन दोन, तीन आणि चारसाठी पूर्ण ५ दिले असते. बायकांवर वेगळं सेशन आणि सबटायटल या दोन्हीबद्दल संस्थेला लिहिलंय, पुढच्या बॅचमध्ये बघतो म्हणालेत, बदल झाला तर इथेच अपडेट टाकते.